गळ्यातली चकती

विमानतळाच्या गाडीत कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आधीच बसल्या होत्या. आई वाडीच्या फाटकाशी, हातात सोनचाफ्याची पुडी. आमच्या वाडवळी बोलीत ती एका दमात सांगत सुटली: थंडी, जेवण, अंगावरचं सोनं. मैत्रिणी हसल्या. वाईट हेतूनं नाही, पण हसल्या. मी म्हटलं, "आई, नीट बोल ना. लोक आहेत."

ती थांबली. मग शाळेतल्या बाईंसारखं म्हणाली, "पोहोचलीस की फोन कर."

आता माझे केस पिकले. फ्रान्समध्ये, ल्योंला मी आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवरच्या लेखकांच्या फ्रेंच कादंबऱ्या शिकवते. त्यांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. शाळेत घरची भाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी चकती अडकवायची. त्यानं कान टवकारून तशीच बोलणाऱ्या दुसऱ्याला पकडायचं, की चकती त्या दुसऱ्याच्या गळ्यात. यावर मी परिषदांत निबंध वाचलेत, टाळ्या घेतल्यात.

गेल्या हिवाळ्यात तासानंतर सेनेगलची एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, "मादाम, तुमच्या घरची भाषा कोणती?" मी म्हटलं, मराठी. खोटं नव्हतं. पण ट्राममध्ये माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. मला ती चकती माणिकपूरच्या शाळेत मिळाली होती, फ्लॅटमधल्या, पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुली माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या तेव्हा. मी ती आईच्या गळ्यात घातली आणि विमानात बसले.

तेव्हापासून आई फोनवर नीटच बोलते. जेवलीस का, तब्येत सांभाळ. तिच्या चहाड्या, टोमणे, शिव्या सगळ्या वाडवळीत. त्या मला कधी पोहोचल्याच नाहीत.

या मे महिन्यात घरी आले तेव्हा ती फुलं निवडत होती. मी शेजारी बसले. म्हटलं, आई, आपलं बोल ना माझ्याशी.

"बोलतेय की," ती म्हणाली. थोड्या वेळानं, मान वर न करता, "तुझ्यासमोर आता जीभ वळत नाही गं."

शेजारची कमळमावशी रोज संध्याकाळी पडवीत येते. पहिल्या दिवशी मी बाहेर गेले तशी ती पदर सावरून बसली. "बस ना बेटा. तिकडे बर्फ पडतो म्हणे?" कमळमावशीही माझ्याशी नीटच बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन मी दाराअलीकडेच थांबले. पलीकडे दोघी वाडवळीत कुणाची तरी टर उडवत होत्या, आई हसून हसून खोकत होती. अर्धं मला कळलं, अर्धं निसटलं. मागे राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या गेलेल्यांनो, माझं घर आता तेवढंच आहे, दारापलीकडे चाललेलं ते बोलणं.

चहा गार झाला. मी बाहेर गेले नाही.