दोन किल्ल्यांचं दार

माझ्या मामाच्या पायाला भिंगरी आहे, पण दुकान इतकं चिंचोळं की ती फिरायला जागा नाही. म्हणून तो बसल्या जागी वळवळत असतो. किल्ल्या बनवायचा त्याचा धंदा. पुढे टेबल, त्यावर किल्ल्या कापायचं यंत्र, मागच्या फळीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक नसलं की तो त्या सगळ्या काढतो आणि पुसून परत लावतो. मामी म्हणते, "ह्यांना झोपेतसुद्धा कामावर जायचं असतं."

निवडणुकीनंतर तर विचारूच नका. जेवायचाही उभ्यानं.

मामाची वरची गल्ली, आमची खालची, आणि मध्ये लोखंडी फाटक. ते उघडं होतं तेव्हा आई संध्याकाळी चुलीवर भात ठेवायची, भावाकडे डोकावायची आणि भात शिजायच्या आत परत यायची. मग एक दिवस वरून भरधाव आलेल्या मोटरसायकलनं आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याच्या लहान मुलीला उडवलं. पोरीचा पाय मोडला. त्यावरून शिवीगाळ झाली, दगड आले, खिडक्या फुटल्या, आणि आमच्या गल्लीनं फाटकाला कुलूप घातलं. त्याला आठ वर्षं झाली.

आता मामाकडे जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागतो. आईच्या गुडघ्यांनी हात टेकले आहेत. बहीणभाऊ एकाच फाटकाच्या दोन बाजूंना राहतात आणि फोनवर बोलतात. डॉक्टरांनी सांगितलं की चालणं दिवसेंदिवस कमीच होत जाणार. तेव्हापासून आईचा एकच धोशा आहे. "पायात बळ आहे तोवर एकदा त्याच्या घरी चालत जाऊन बसू दे गं. उचलून नेलेलं मला नको."

म्हणून मामानं निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका माणसासाठी जिवाचं रान केलं. माणूस मवाळ, आवाज कधी चढायचा नाही. कुणी काही मागितलं की "बघू या" म्हणायचा, त्यामुळे आमच्याकडे त्याचं नाव बघूसाहेब पडलं. वरच्या गल्लीतल्या सभेत तो म्हणाला, "रस्ता अडवून कुणाचं भलं झालंय?" वरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीत म्हणाला, "लेकराच्या जिवापेक्षा रस्ता मोठा नाही." आम्हीही वाजवल्या. दोन्ही सभांना खुर्च्या मांडायला मामाच होता.

"मामा, तो दोन्हीकडे दोन बोलला की," मी म्हटलं.

"तेच तर. बाकीचे एकाच बाजूचं बोलतात. हा दोघांना धरून चालणारा आहे. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"आणि यात साप कोण?"

त्यावर मामानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

बघूसाहेब निवडून आला. दुसऱ्याच दिवशी मामानं आपल्या बाजूनं फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पुढे आठवडे गेले. तेल सुकलं, त्यावर धूळ बसली. येणारंजाणारं दुकानाशी थांबून विचारायचं, "काय, कुठपर्यंत आलं तुमच्या माणसाचं?" वरच्यांना फाटक सताड उघडून हवं होतं, खालच्यांना त्या जागी पक्की भिंत हवी होती, आणि दोघांचीही खात्री होती की साहेबानं आपल्यालाच शब्द दिलाय. मामा दर दोन दिवसांनी त्याच्या कार्यालयात जाऊन बसायचा. तिथे चहा मिळायचा आणि घोंगडं भिजत पडायचं.

शेवटी साहेबानं तोड काढली. मोठं फाटक बंदच राहील. त्यात माणसापुरतं एक दार करायचं, गाडी जाणार नाही असं. दाराला दोन कुलपं. एक किल्ली वरच्या गल्लीकडे, एक खालच्या. दोघांची मर्जी असेल तेव्हा उघडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुलपं मामानंच दिली. वरची किल्ली मामाकडे आली, आणि खालची साहेबानं सगळ्यांसमक्ष दूधवाल्याच्या हातात ठेवली. हार झाले, फोटो झाले.

दार काही उघडलं नाही.

आई रोज संध्याकाळी पायात चपला घालून उंबऱ्याशी बसायची. मग चपला काढायची. मला ते बघवेना. तिनं मामाला फोन लावला.

"तुझ्याकडे तिसरी किल्ली असेलच ना रे?"

"गिऱ्हाइकाच्या किल्लीची नक्कल मी ठेवत नाही, ताई. धंद्याला बट्टा लागतो."

"मग जा ना दूधवाल्याकडे. माग किल्ली."

मामानं फोन ठेवून दिला. बहिणीचा फोन त्यानं असा कधी ठेवला नव्हता.

आता आमच्या घरात कुणी बोलत नाही ते सांगते. त्या दिवशी मोटरसायकलवर मामाचा मुलगा होता. तो पुढे लांबच्या शहरात नोकरीला लागला आणि सुटला. मामा इथेच राहिला, पण दूधवाल्याच्या दारात एकदाही गेला नाही. तो समोरून आला तर मामा मान खाली घालायचा. मला त्याची कीवही यायची आणि रागही. आईचा फोन त्यानं ठेवला त्या दिवशी राग जास्त होता. मी वळसा घालून दुकानात गेले आणि सरळ बोलले.

"तुझ्या वतीनं माफी मागायला तू माणूस निवडून दिलास, मामा. आणि त्यानं ते काम परत तुझ्याच गळ्यात घातलं."

यंत्र चालूच होतं. मामानं ते बंद केलं. हातातली किल्ली वाया गेली होती, ती त्यानं डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बसला नाही. आईनं दिलेलं पाणी उभ्यानंच प्यायला आणि मला म्हणाला, "तू चल बरोबर." वाटेत तो ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होता.

दूधवाला अंगणात कॅन धूत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा धुवायला लागला. मामा म्हणाला, "माझ्या पोरानं तुमच्या पोरीला..." आणि पाठ केलेलं सगळं तिथेच अडलं. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

दूधवाल्यानं नळ बंद केला.

"मोठ्या फाटकाला पहिलं कुलूप घातलं ना, ते मी तुमच्याच दुकानातून नेलं होतं. आठवतं?"

मामानं मान हलवली.

"दुकानं काय कमी होती मला? पोरगी तेव्हा प्लास्टरमध्ये होती. वाटलं, तुमच्याकडे गेलो तर निदान विचाराल. तुम्ही कागदात गुंडाळून दिलंत आणि म्हणालात, मजबूत आहे, तुटायचं नाही."

मामाचा चेहरा मला बघवला नाही. हा माणूस इतकी वर्षं एका प्रश्नाची वाट बघत होता आणि आम्ही साहेबाची.

घरातून मुलगी बाहेर आली. मोठी झाली होती. डावा पाय जरा ओढत चालायची. ती येऊन बापाशेजारी उभी राहिली. मामा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं विचारलं, अगदी हळू.

"कसा आहे गं पाय?"

"बरा आहे," ती म्हणाली. "थंडीत दुखतो."

दूधवाल्यानं ओले हात सदऱ्याला पुसले. आत जाऊन खुंटीवरची किल्ली घेऊन आला, पण ती मामाला दिली नाही.

"तुमच्या बाजूचं तुम्ही काढा, माझं मी काढतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आईला सांग, चपला घालून ठेव म्हणावं."