टाकीतल्या बाईचा श्वास

स्टुडिओत तिला सगळे धापवाली म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही बिनतक्रार ओ देई. नट्या पडद्यावर पळत, रडत, दचकत. त्यातली धाप आणि हुंदके हिचे. नटीचं नाव पोस्टरवर हातभर, हिचं औषधालाही नाही. पण निम्मं आयुष्य घर चाललं ते याच धापेवर, त्यामुळे नावासाठी तिने कधी जीव टाकला नाही.

नवरा लोखंडी कपाटांना फवाऱ्याने रंग मारायचा. तोंडाला फडकं बांधलं की झालं, अशी त्याची आणि त्याच्या मालकाची समजूत. रंग कपाटांवर बसला तसा छातीतही बसला. आता तो खाटेवर होता, नाकात ऑक्सिजनची नळी आणि उशाशी दिवसभर घरघरणारं भाड्याचं यंत्र. जीभ मात्र शाबूत होती. "माझी धाप फुकट, तुझी पगारी," म्हणायचा. "काय न्याय आहे!"

अशात तिच्याकडे तो सिनेमा आला. सगळा सिनेमा म्हणे एका जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत. टाकी रिकामी, वरचं झाकण कुणीतरी मुद्दाम लावून घेतलेलं आणि आत एकटी बाई. बाई झाकणावर हात आपटत राहते, हवा संपत जाते, आणि तिकीट काढून आलेली माणसंही तिच्याबरोबर कोंडून घेतात. चित्रीकरणाच्या वेळी पंख्यांचा इतका गोंगाट होता की नटीचा श्वास रेकॉर्डिंगमध्ये आलाच नव्हता. तो धापवालीने भरायचा होता.

पहिल्या दिवशी तिने माईकसमोर जीव ओतला. दिग्दर्शकाने हेडफोन काढून ठेवले. "ताई, ही जिना चढून आलेली बाई वाटते. मला हवा संपत चाललेली बाई पाहिजे."

पुन्हा केलं. पुन्हा नाही. घशाला कोरड पडली तेव्हा तो म्हणाला, "उद्या जमलं तर बघू. नाहीतर दुसरं कुणीतरी शोधावं लागेल." काम गेलं तर उशाशी असलेलं यंत्रही जाणार, एवढा साधा हिशोब डोक्यात घेऊन ती भर दुपारी घरी आली.

तिचा चेहरा पाहून नवऱ्याने सगळं विचारून घेतलं, टाकीची गोष्टही ऐकली, आणि हसता हसता खोकला. "अगं, मास्तर घरात बसलाय आणि तू शिकवणी शोधत गावभर फिरतेस! कर बघू."

तिने करून दाखवलं.

"चुकलं. तू आत घेताना धडपडतेस. खरी पंचाईत सोडताना होते. हा सोडला तर पुढचा मिळेल का, म्हणून सोडवत नाही." मग तो यंत्राकडे वळला. "आणि या घरघरीत तुला काय डोंबल ऐकू येणार?" त्याने बटण बंद केलं आणि नाकातली नळी काढली.

"अहो, नको."

"दाढी करताना काढतोच की. मरत नाही लगेच. डोळे मीट आणि ऐक."

त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. खाटेला खिळल्यापासून आज पहिल्यांदा तो बायकोच्या काही कामाला येत होता. ते तेज तिला मोडवेना, म्हणून तिने डोळे मिटले.

स्टुडिओत एक शिस्त असते. टेक सुरू झाला की खोकायचं नाही, हलायचं नाही. रेकॉर्डिस्ट 'ओके' म्हणेपर्यंत छप्पर कोसळलं तरी चालेल. तशीच ती बसली. श्वास आत गेला, अडला, तुकड्यातुकड्यांनी बाहेर आला. असा श्वास तिने कधी ऐकलाच नव्हता. खरं म्हणजे रोज ऐकत होती, पण कामाचा म्हणून ऐकला नव्हता. मग खाटेच्या कडेवर हात आपटल्याचा आवाज आला. ठक. ठक ठक. तिला मनातून हसू फुटलं. हौशी माणूस, टाकीतल्या बाईचं झाकणही वाजवून दाखवतोय! तिने डोळे उघडले नाहीत. टेक मध्येच मोडायचा नसतो.

ठकठक थांबली. श्वासही ऐकू येईना. तेव्हा तिने डोळे उघडले.

नळी लावली, बटण दाबलं, शेजारच्यांना हाका मारल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, "छातीत काही उरलंच नव्हतं हो, आज ना उद्या हे व्हायचंच होतं." तिने मान डोलावली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तो हाक मारत होता आणि मी कौतुकाने ऐकत बसले, हे?

स्टुडिओवाले तिच्यासाठी थांबले, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. ती गेली आणि एका टेकमध्ये सगळा श्वास देऊन मोकळी झाली. दिग्दर्शकाने बाहीने डोळे पुसले. "कुठून आणलंत हे?"

"घरून," ती म्हणाली.

राहिला शेवटचा प्रसंग. झाकण उघडतं आणि बाई छाती भरून एक श्वास घेते. बस, इतकंच. पण तो काही केल्या येईना. दर वेळी श्वास अर्ध्यात अडायचा. हा श्वास मास्तरांकडेच नव्हता, ते शिकवणार कुठून? शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "असू द्या. तिथे आवाजच नको." पुढे पेपरवाल्यांनी त्या शांततेची तोंड भरून स्तुती केली.

सिनेमा लागला तेव्हा ती एकटीच दुपारच्या खेळाला गेली. चेहरा नटीचा होता आणि श्वास तिच्या नवऱ्याचा. मागे कुणीतरी कुजबुजलं, "काय अभिनय केलाय!" ती उठून गेली नाही. अखेर झाकण उघडलं, टाकीत उजेड आला, आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं. त्या शांततेत तिचा हात आपसूक खुर्चीच्या दांड्यावर आपटला. ठक. ठक ठक.

"अहो बाई, हात आवरा ना," शेजारचा माणूस वैतागून म्हणाला. "ऐकू द्या."

तिने तो हात मांडीवर ओढला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरला, त्या दुपारी त्याचा धरायला हवा होता तसा.