मोटरीचं झबलं

मिक्सर तापून जळका वास आला आणि हातातलं टाकून मी पाळण्याकडे धावले. पाळणा कुठला आता! तो होता आमच्या गोरेगावच्या चाळीत, ऐंशीच्या दशकात. टेबलफॅनच्या मोटरीत धूळ जाऊ नये म्हणून आईने तिला लोकरीचं झबलं विणलं होतं, अगदी माझ्या तान्ह्या भावाच्या झबल्यासारखं, पिवळं. एका उकाड्याच्या दुपारी त्यातून भसाभस धूर निघाला. “बटण बंद कर गं!” माझ्यावर ओरडत आईने आधी बाळाला उचललं, मग ते धुमसतं झबलं ओरबाडून मोरीत फेकलं. शेजारच्या मालवणी काकू धावत आल्या.

“अगो, मोटरीक पण वारो होयो ना!”

 आई बाळाच्या अंगातलं झबलं काढत होती.