मठाच्या दारातला दगड

इथं आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरातल्या एका दलालानं मला फसवलं. इंग्लंडमधल्या जुन्या हवेलीचा म्हणून त्यानं मला एक कोरीव दगड विकला, आणि घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही न घेणारी मी फसले.

लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच फिरता येई. एक म्हातारा रोज माझ्या जुन्या सामानाच्या दुकानाशी थांबे. अंगणातल्या त्या दगडाच्या खळग्यात अंगठा टेकवी, टोपी काढी आणि निघून जाई. भाव विचारत नसे. मुरलेलं गिऱ्हाईक असंच करतं, म्हणून मी मनातल्या मनात रोज किंमत वाढवत गेले.

शेवटी चिडून विचारलं, "घ्यायचा आहे, की नुसता हात लावायचाय?"

"आमचाच आहे, मिसेस," तो शांतपणे म्हणाला. "पलीकडच्या पडक्या मठाच्या दारातला. आत गावाची दफनभूमी आहे, मयत आत नेताना सगळे यावर अंगठा टेकवतात. तो चोरीला गेला, आणि या हिवाळ्यात माझी बायको तशीच आत गेली. म्हणून तिच्या वाटचं मी रोज इथं करतो."

वसंतात गावातल्या चौघांनी दगड परत दारात बसवला. पहिला अंगठा त्यानं मला टेकवायला लावला. "आता माझी पाळी आली तरी सगळं ग्रँड, काही चिंता नाही," म्हणून हसला.

माझ्या नुकसानीचं मी बघून घेईन. पण त्याची बायको त्या दारातून तशीच गेली, त्याचा जाब दलालानं इथं येऊन, या म्हाताऱ्यासमोर उभं राहून द्यावा.