रोझी त्रिभुवनचा भविष्यकाळ

रोझी त्रिभुवनला राग आला की ती बोलायची थांबत असे. राहात्याजवळच्या मिशन दवाखान्यात येणाऱ्या बायांना हे चांगलं ठाऊक होतं. तापाने फणफणलेल्या लेकराला तीन दिवस नुसता अंगारा लावून घरी ठेवणाऱ्या एका बापाला तिने दोन तास ओट्यावर बसवून ठेवलं होतं, आणि तेवढ्या वेळात त्याच्याशी चकार शब्द काढला नव्हता. शेवटी तोच रडकुंडीला आला.

वय सत्तावीस. वडील लहानपणीच गेलेले. थोरला भाऊ आमोस शाळामास्तर. त्यानेच तिला शिकवलं, नगरला नर्सिंगला पाठवलं. ते उपकार ती विसरली नव्हती, आणि आमोसही तिला विसरू देत नव्हता.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मिशनमधून सांगावा आला. ब्राझीलमध्ये जंगलाकडेच्या वस्त्यांवर फिरता दवाखाना चालतो, त्यासाठी दोन नर्स हव्यात. पोर्तुगीज यायला हवी आणि वर्षातले आठ महिने तंबूत राहायची तयारी हवी. रोझीने त्याच दिवशी नाव दिलं. शिकवायला मडगावहून कायतान सर आले. साठी उलटलेले, काटकुळे, दुपारी झोप न झाली तर चिडचिड करणारे. त्यांनी फळा मागितलाच नाही. चर्चमागच्या माळावर एक जुना लष्करी तंबू टाकला आणि नाव दिलेल्या पाच जणींना म्हणाले, "तिथं जे हाताळायचं, तेच इथं शिका."

तंबू म्हणजे तेंदा. दोर म्हणजे कोर्दा. खुंटी एस्ताका, हातोडी मार्तेलू, शेकोटी फोगेइरा. नाव घेतल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात तंबू रोज दोनदा कोसळला. बादलीला ते बाल्दे म्हणाले आणि घमेल्याला गामेला, तेव्हा रोझी बघतच राहिली.

"सर, हे तर आमचेच शब्द."

"तुमचे नव्हेत, आमचेही नव्हेत. फिरंग्यांनी येताना आणले, जाताना न्यायचे राहिले."

मग भविष्यकाळ आला. आर्मारेइ, मी तंबू ठोकीन. आर्मारास, तू ठोकशील. आर्मारेमुस, आपण ठोकू. रोझी खुंटीवर हातोडी घालत घोकत असे. एक दिवस ती थबकली. "सर, करतो-करते असं आमच्यात बाई-पुरुष वेगळं. पण करीन म्हटलं की दोघांना एकच. यांच्यातही तसंच का?"

"तसंच. पुढं काय करणार ते सांगताना बाई की बुवा, कोण विचारत नाही."

"भाषेत विचारत नाहीत," रोझी म्हणाली. बाकीच्या जणी हसल्या. ती हसली नाही, कारण घरात नेमकं तेच चाललं होतं. शेवगावचा शांतवन मास्तर, बायको वारलेला, पदरात दोन मुलं. आमोसने त्याला रोझीच्या लग्नाचा शब्द देऊन टाकला होता. तिने तीनदा नाही म्हटलं होतं. आमोसने ते ऐकून घेतलं होतं, इतकंच.

परीक्षा घ्यायला ब्राझीलहून एक सिस्टर येणार होती. ती यायच्या आदल्या दिवशी कायतान सरांनी नावं वाचली. चारच.

"माझं?"

सरांनी मान वर केली नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. मराठीत अर्ज होता: माझे लग्न ठरल्यामुळे मी माघार घेत आहे. खाली रोझीची सही. तिचीच वाटावी अशी, झ ची वेलांटी ओढलेली. ती सही तिला पाटीवर आमोसनेच गिरवून दिली होती.

"हा कधी आला?"

"शुक्रवारी."

"आज मंगळवार. चार दिवस तुम्ही मला रोज शिकवलंत आणि बोलला नाहीत."

"घरचा मामला, बाय. भाऊ स्वतः घेऊन आलेला."

रोझीने कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि भर उन्हात चालत घर गाठलं. आमोस जेवत होता. आई, लिडियाबाई, भाकरी थापत होती. रोझीने कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"ही कोणाची सही, दादा?"

आमोसने घास संपवला. "तुझ्या भल्यासाठी केलं. परमुलखात रानावनात तंबूत राहणारी बहीण, लोक काय म्हणतील?"

"मी सही कोणाची विचारलं."

"माझी. बस?"

"न्हाई, बस न्हाई," आई मध्येच म्हणाली. तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही. "आमोस, तू मला सांगितलंस का तिनंच लिहून दिलंय. मी देवाम्होरं बसून लई रडले. तू माज्याशी बी खोटं बोललास व्हय?"

आमोस ताटावरून उठला. भाकरी करपल्याचा वास घरभर पसरला.

रोझी थेट मिशनच्या मोठ्या फादरांकडे गेली. फादर म्हणाले, यादी पुढे गेली, आता घोळ नको, पुढच्या वर्षी बघू. तिने त्यांनाही उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर फादरांच्या बंगल्यात चहा घेत होत्या. समोरच्या पटांगणात रोझीने तंबू ओढत आणला. एकटीने. मधला खांब दोनदा तिच्या अंगावर आला, तळहाताची साल निघाली. कायतान सर व्हरांड्यात उभे होते. ते पायरी उतरू लागले तसा तिने हात करून त्यांना थांबवलं. तंबू उभा राहिला तेव्हा सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी पोर्तुगीजमध्ये विचारलं, हे काय चाललंय.

रोझीचं व्याकरण घाईत घसरलं, पण क्रियापदं चुकली नाहीत. "इरेइ," ती म्हणाली. जाईन. "त्राबाल्यारेइ." काम करीन. मग कागद पुढे धरून, "नाउं काझारेइ." लग्न करणार नाही. सही माझी नाही, हे तिला पोर्तुगीजमध्ये येईना. ते तिने कायतान सरांकडे वळून मराठीत सांगितलं. "आता तरी सांगा यांना."

सरांनी सांगितलं. शुक्रवारपासूनचं सगळं, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. फादरांचे कान लाल झाले. सिस्टरनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि रोझीच्या तळहाताला लावायला आयोडीन मागवलं. परीक्षेला पाच जणी बसल्या. रोझी दुसरी आली.

जानेवारीत ती निघाली, तेव्हा आमोस राहात्याच्या स्टँडवर आला होता. सहा महिन्यांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिने त्याला ट्रंक एसटीच्या टपावर चढवू दिली.

"पोरी, असा राग घेऊन जाऊ नगं," आई म्हणाली.

"राग आला म्हणून तर जाता येतंय, आई."

पुढे दर महिन्याला पत्र येई, ते आमोसच आईला वाचून दाखवी. पत्रात सगळ्या गल्लीची चौकशी असे, शेळीचीसुद्धा. त्याचं नाव पहिली पाच वर्षं नसे. आई म्हणे, "पुन्ना वाच, कुटं तरी असंल," आणि तो पुन्हा वाची.