मुकादमचा खांदा

माझ्या नणंदेला माणसं कळत नाहीत असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. कळतात की. फक्त ती चालताना कळतात. कोण कुठला, काय करतो, कोणाचा कोण लागतो, याच्याशी वन्संना काही देणंघेणं नसतं. माणूस दारातून आत आला की त्या आधी त्याच्या खांद्यांकडे बघतात, मग कमरेकडे, आणि तो खुर्चीत टेकायच्या आत सांगून मोकळ्या होतात, "डावा पाय वाचवताय." एकदा त्यांना स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पगारही बरा. चहा पुढे करता करता वन्सं म्हणाल्या, "उजवा खांदा दाखवून घ्या कुठेतरी." तो बिचारा खरंच दाखवायला गेला, आणि जिने व्यायाम देऊन त्याचा खांदा बरा केला तिच्याशीच त्याने लग्न केलं. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. वन्सं मात्र खूश. म्हणाल्या, "आता सरळ चालतो की नाही बघा."

त्यांची नोकरीच तशी. अग्निशमन केंद्राच्या मागच्या आवारात शोधपथकाची पाच कुत्री असतात. इमारत कोसळली की ढिगाऱ्याखाली माणूस कुठे आहे ते हुडकायचं, हे त्यांचं काम. त्यांना अंगाने ठणठणीत ठेवायचं, हे वन्संचं काम. त्यासाठी वजनाचं जाकीट असतं. दोन्ही कुशींना कप्पे, कप्प्यांत छर्ऱ्यांच्या पिशव्या. पण वजन लगेच भरायचं नाही. आधी कितीतरी दिवस नुसतं रिकामं जाकीट अंगावर सवयीला. मग चिमूटभर वजन, दोन्हीकडे सारखं. मग जरा जास्त, पण कुत्र्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या वर कधीच नाही. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, खांदे मोकळे हलले पाहिजेत, काखेत घासता कामा नये. आणि जाकीट अंगात असेपर्यंत फक्त चालायचं. पळणं नाही, उडी तर नाहीच. आडवी फळी आली की थांबायचं, जाकीट काढून घ्यायचं, मग मोकळ्या अंगाने उडी.

हे शास्त्र कुत्र्यांपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. एकदा मी बाजारातून कलिंगड आणलं. वन्सं दारातच उभ्या.

"वहिनी, हे एका हातात आणलंत?"

"मग काय अर्धं कापून दोन हातांत आणू?"

"हो," म्हणाल्या. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा नाही.

प्रवासाला निघायचं ठरलं की माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाला, आधी आठवडाभर रिकामी सॅक पाठीला लावून घरात वावरावं लागतं. तो ती लावून जेवायला बसतो. शेजारच्यांनी विचारलं, "काय, कुठे निघालात?" तर म्हणाला, "कुठे नाही, आमटी घेतोय." जेवण झालं की वन्सं त्याच्या पँटच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघतात. पाहुण्यांसमोरसुद्धा. अडला हरी म्हणतात तसं तो उभा राहतो, कारण त्याच्या हातून एक चूक झालेली आहे.

ती चूक मुकादमच्या खांद्याची. मुकादम म्हणजे पाचांतलं तांबडं, जाड डोक्याचं कुत्रं. बाकीची काम करत असताना हा बाजूला बसून सगळ्यांवर देखरेख करतो आणि सर्वांचं आटोपल्यावर जांभई देऊन स्वतःचं काम करतो, म्हणून मुकादम. वन्संनी त्याला बोटाएवढा असल्यापासून वाढवला. एक दिवस माझा नवरा आवारात गेला आणि हौसेने त्याने ओल्या उतारावर चेंडू टाकला. मुकादम घसरला आणि त्याचा उजवा खांदा गेला. वन्सं भावाशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत, फक्त त्याच्या चालण्याकडे बघत राहिल्या, ते जास्त वाईट होतं. महिनोन्महिने खपून त्यांनी खांदा कामापुरता बरा केला. चालणं, हुंगणं, ढिगाऱ्यावर चढणं, मोकळ्या अंगाने बेताची उडी, सगळं जमायला लागलं. वजन घेऊन उडी मारली असती तर मात्र खांदा पुन्हा गेला असता, आणि तो मग कोणालाच बरा करता आला नसता.

नेमके तेव्हाच पथकाला नवे साहेब आले. उमदा माणूस, उगाच खोटं कशाला बोलू. तरुणपणी उंच उडीत बक्षीस मिळालेलं आणि ते बक्षीस दर दोन वाक्यांनंतर बोलण्यात यायचं. त्यांनी कुठेतरी जाकीट घातलेली कुत्री हवेत झेपावताना पाहिली आणि फर्मान काढलं: परीक्षा. जाकिटासकट फळीवरून उडी. जो मारणार नाही तो पथकातून बाद. बाद झालेलं कुत्रं गोदामांच्या राखणीला पाठवायचं, साखळीला. घरी नेता येत नाही, नियमच तसा.

वन्सं भांडायला गेल्या.

"साहेब, वजन चालायला असतं. उडी मोकळ्या अंगाने."

"मग वजन घालायचंच कशाला?"

"ताकद यावी म्हणून."

"ताकद आली तर उडी मारता आली पाहिजे!"

"येते ना. वजन काढल्यावर."

"म्हणजे तुमच्या कुत्र्यांना दोन्ही एकदम जमत नाही, असं म्हणा. मी तुमच्या मुकादमच्या वयाचा असताना—"

"तो पाच वर्षांचा आहे, साहेब."

त्या दिवशी वन्सं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पिशवी एकाच खांद्यावर लटकत होती आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मी घाबरले. "उडी मारली तर खांदा जाणार," म्हणाल्या. "नाही मारली तर साखळीला जाणार. वहिनी, मी काय करू?" या बाईने मला कधी काही विचारलेलं नव्हतं. मी पिशवी उतरवून घेतली.

परीक्षेला मी आणि नवरा दोघंही गेलो. आवारात वाळू पसरलेली, मधोमध फळी, पलीकडे साहेब शिट्टी घेऊन. पाचही कुत्री जाकिटं घालून ओळीत उभी. साहेबांनी शिट्टी फुंकली आणि ती निघाली. काय सांगू! लग्नाच्या वरातीलाही एवढी सावकाशी नसते. एकेक पाऊल मोजून मापून, माना ताठ, पुढे मुकादम. फळीशी आली आणि पाचही खाली बसली. बसून प्रत्येकाने आपली बक्कलाची कूस साहेबांकडे केली, जाकीट काढून घ्यायला. साहेब ओरडले, "उडी!" कोणी हललं नाही. मुकादमने जांभई दिली.

"यांना कोणी दाखवलेलंच नाही," साहेब म्हणाले. "कुत्रं बघून शिकतं. बघा आता!" त्यांनी दोन जादा जाकिटं एकमेकांना जोडून स्वतःच्या छातीला बांधली आणि फळीच्या अलीकडे आले.

"साहेब, आधी रिकामं घाला," वन्सं कळवळून म्हणाल्या. "आठ दिवस तरी. निदान अंग तरी गरम करा."

"तुम्ही गप्प बसा हो," म्हणून साहेब पळत सुटले.

पहिला पाय फळीवरून गेला. दुसऱ्याने ऐनवेळी विचार बदलला. साहेब पलीकडे वाळूत तोंडावर आपटले, छर्ऱ्यांच्या ओझ्याने तिथेच दबले आणि कण्हू लागले. एक हात तेवढा वर हलत होता.

आता हे बघा. ही कुत्री जन्मभर एकच गोष्ट शिकलेली. माणूस आडवा, कण्हतोय, धाव. मुकादम ताडकन उठला. त्याचे कान उभे, अंगाला कंप सुटलेला. साहेब हाताच्या अंतरावर, मध्ये फक्त फळी. त्याने मागचे पाय दुमडले, पुढचे दोन उचलले. माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. वन्संनी तोंडावर हात दाबून धरला. नंतर त्यांनी मला सांगितलं, हाक मारली असती तर तो बिथरून उडालाच असता.

मुकादमने पाय परत खाली ठेवले. फळीला लांबून वळसा घातला, चालत, एकेक पाऊल, आणि चालता चालता रडल्यासारखा आवाज काढत. साहेबांपाशी पोचला, शेजारी बसला आणि सापडल्याची खूण म्हणून खणखणीत भुंकला. मागोमाग बाकीची चार त्याच वाटेने त्याच चालीने आली आणि एकेकाने स्वतंत्रपणे साहेबांचा शोध लावला.

"अरे सापडलो, सापडलो!" साहेब वाळूतून ओरडत होते. "पुरे!"

वन्सं धावल्या. त्यांनी आधी पाचही कुत्र्यांची जाकिटं काढली, मग साहेबांची. उजवा खांदा निखळला होता. केंद्रातल्या जवानांनी स्ट्रेचर आणलं. उचलून नेताना साहेबांनी डाव्या हाताने थांबवलं.

"तो उडी मारणार होता," ते वन्संना म्हणाले. "मी खालून बघितलं. मग का नाही मारली?"

"जाकीट अंगात असताना मारायची नाही, असं मी सांगितलंय त्याला."

"कधी? तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत."

"पहिल्यांदा जाकीट घातलं तेव्हा."

साहेबांनी मुकादमकडे पाहिलं. तो अजून थरथरत होता. "आणि मी एवढा ओरडत होतो त्याच्यासमोर," ते म्हणाले. मग जवानांकडे वळून, "परीक्षा रद्द. कायमची. याला कुठेही पाठवायचं नाही."

स्ट्रेचर गेल्यावर वन्सं वाळूतच बसल्या, मुकादमच्या गळ्यात हात टाकून मोठ्याने रडल्या. मीही रडले. नवऱ्याला वाटलं आनंदाने रडतेय, आणि मी तसंच वाटू दिलं. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या संसारात माझा एक शब्दही असा कोणी जपून ठेवलेला नाही, आणि त्या घटकेला मला वन्संचा फार हेवा वाटला.