मापाड्याचं वजन

उकंडाभाऊ पहिल्यांदा जिममध्ये आले ते पायजमा, बनियन आणि पायात वहाणा घालून. इम्तियाजने त्यांना दारातच अडवलं. "चाचा, बूट पायजेत." उकंडाभाऊंनी वहाणा काढून हातात घेतल्या, वर पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाप्पा, इथं मी जलमभर अनवानीच फिरलो."

ते खोटं नव्हतं. धामणगाव रोडवरच्या ज्या शेडमध्ये आता ही जिम होती, तिथे पूर्वी जिनिंग होती. सरकी काढायचे रेचे दिवसरात्र घरघरत असत. पुढे कापसाचे दिवस फिरले. यवतमाळचं नाव पेपरात रोजच यायला लागलं, आणि ते कधीच चांगल्या बातमीसाठी नसायचं. मालकाने कुलूप लावलं, रेचे भंगारात गेले. इम्तियाज त्या रेच्यांचा फिटर. हातावर हात धरून बसायचा त्याचा स्वभावच नाही. नागपुरातल्या एका बंद पडलेल्या जिमची जुनी मशीनं त्याने उचलून आणली, खोलली, जोडली आणि रेच्यांच्याच जागी उभी केली. उकंडाभाऊ त्या जिनिंगचे मापाडी. कापूस तोलण्यात त्यांची सगळी उमर गेलेली. जिनिंग बंद झाल्यावर ते एका धरमकाट्यावर लागले. तिथे खुर्चीत बसून बटण दाबायचं, ट्रकचं वजन आपोआप कागदावर छापून यायचं. उचलणं नाही, वाकणं नाही. तिथेच त्यांचं पोट सुटलं.

मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. साखर वाढली म्हणून डॉक्टरने मला तिथे हाकललं होतं आणि मी रोज त्याच्या नावाने बोटं मोडत सायकल मारत होतो. जिममध्ये येणारे बहुतेक माझ्यासारखेच, खाऊन माजलेले आणि मनातून कंटाळलेले. उकंडाभाऊंचं तसं नव्हतं.

त्यांची एकुलती एक पोरगी दीपा माझ्याच शाळेतली. वर्गात हसली की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावायचे. कॉलेजात गेली आणि तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. आईची, रुखमाबाईची किडनी चालत नव्हती, कारण तिला साखर. उकंडाभाऊंची जुळली. रक्त जुळलं, बाकीचं सगळं जुळलं. पण नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे बघून मान हलवली. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी मी काढणार नाही, म्हणाले. आज तुम्हाला धोका, आणि उद्या जी एकच उरेल तिलाही धोका. वजन उतरवा आणि या. फार उशीर मात्र करू नका, पोरीला झेपणार नाही.

म्हणून उकंडाभाऊ आले होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "इम्तियाज, कोन्तं मशीन लवकर उतरवते, तेवढंच सांग."

नवा माणूस आधी ट्रेडमिलवरच चढतो. उकंडाभाऊही चढले. पण त्यांचं लक्ष शेजारी कठडे धरून चालणाऱ्या एका गृहस्थांकडे. "गुरुजी, पाहा," ते मला म्हणाले, "आंगाचा सारा भार कठड्यावर टाकून चालून राह्यला, आन मशीन म्हनते एवढं जळलं. हे त काट्याले हात लावनं झालं." त्यांनी स्वतः कठड्याला बोटही लावलं नाही. दुसऱ्याच दिवशी लोडशेडिंगची वेळ बदलली, पट्टा गपकन थांबला आणि उकंडाभाऊ पुढच्या पुढे आपटले. गुडघा सुजला. मग इम्तियाजने त्यांना क्रॉस ट्रेनरवर उभं केलं. त्यात गुडघ्याला हिसका बसत नाही, पण हात आणि पाय दोन्ही चालवावे लागतात. थोड्याच वेळात ते धापा टाकत खाली उतरले.

"चाचा," इम्तियाज म्हणाला, "जे मशीन उद्या बी करावं वाटन, थेच चांगलं. दम असा लागला पायजे का बोलता येते, पन गानं म्हनता येत नाई." आणि त्याने त्यांना माझ्या शेजारच्या, पाठ टेकायच्या सायकलवर बसवलं. गुडघ्यावर भार नाही आणि विजेची गरज नाही. लाइट गेली की आम्ही सगळे सुटका झाल्यासारखे बाहेर चहाला पळायचो. आत अंधारात एकटी त्यांची सायकल कुरकुरत राहायची.

इम्तियाजच्या छोट्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ताडपत्रीखाली जिनिंगचा जुना लोखंडी काटा पडला होता. त्यांनी तो पुसला, तेल दिलं, वजनं लावून तपासला. दर रविवारी ते त्यावर उभे राहत. दांडीवरचा गोळा इम्तियाज सरकवायचा आणि उकंडाभाऊ आपलंच वजन पूर्वीच्या मापाड्याच्या आवाजात मोठ्याने पुकारायचे. आम्हाला हसू यायचं. त्यांना येत नसे.

वजन आधी बरं उतरलं आणि मग अडलं. नागपूरची तारीख जवळ आली, आणि काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या थोडा वर येऊन हटून बसला. इकडे दीपाचा चेहरा सुजायला लागला होता. जिना चढताना ती मध्येच बसायची.

डायलिसिसच्या आधी आणि नंतर पेशंटचं वजन करतात. उकंडाभाऊ प्रत्येक खेपेला तिथे उभे असायचे. पोरीच्या अंगातलं पाणी काढलं की वजन उतरतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि कापसाचं तर त्यांना कोणी शिकवायला नको होतं. गाडीतला कापूस मुठीत दाबून तो किती ओला आहे आणि वाळल्यावर किती उतरेल, हे ते सांगायचे. माणसाचंही तसंच असणार, असं त्यांनी धरलं. शेवटचे काही दिवस त्यांनी पाणी सोडलं. कोणाला सांगितलं नाही. स्वेटर घालून सायकल मारली. ओठ फुटलेले दिसले म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "ऊन लागलं, गुरुजी." रविवारी त्यांनी वजन पुकारलं तेव्हा आवाज घोगरा होता, पण आकडा बरोबर होता. इम्तियाजने त्यांना मिठीच मारली.

नागपूरला मी सोबत गेलो होतो. वजन पास झालं. रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यांच्या स्वतःच्याच किडनीवर ताण दिसतोय. ही मी पोरीला कशी बसवू?" उकंडाभाऊंना काही कळेना. "पन साहेब, वजन त बरोबर हाय ना?" हेच ते परत परत विचारत राहिले. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा पाण्याचं बाहेर आलं. "अहो, तुम्ही काय कापूस आहात?" डॉक्टर ओरडले. पाणी प्या, खरं वजन उतरवा, मग बघू. तारीख गेली. परतीच्या एस्टीत उकंडाभाऊ रिपोर्टची घडी घालत आणि उलगडत राहिले. खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे पडत होती, आणि मला त्यांचा राग आला होता, भयंकर राग. त्याहून जास्त कीव आली होती.

घरी दीपा खाटेवर बसली होती. तिला दिवसाला मोजकंच पाणी चालायचं. एक छोटा गिलास सकाळी भरून ठेवायचे, त्यातच तिने सांजपर्यंत भागवायचं. दारातच मी रुखमाबाईला काय झालं ते सांगितलं आणि तिने रडत सगळं दीपाला सांगून टाकलं.

दीपाने बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, मले सपनात पानी दिसते. शेजारचा नळ सुरू झाला त मी कानावर उशी घेतो. एका घोटासाठी जीव तरसते माहा. आन तुमच्यासमोर माठ भरून असून तुमी पानी सोडलं?"

"तुह्यासाठीच सोडलं, बाई," उकंडाभाऊ म्हणाले.

"माह्यासाठी काहून सोडता? माह्यासाठी प्या ना!"

ती भिंतीला धरून उठली. रुखमाबाई पुढे झाली, तिला तिने हातानेच थांबवलं. माठातून लोटा भरला, सांडू न देता आणला आणि बापाच्या हातात दिला. "प्या. माह्यासमोर प्या."

 तिच्यासमोर पाणी प्यायला उकंडाभाऊंचं मन धजेना. ती समोर बसून राहिली. शेवटी त्यांनी लोटा तोंडाला लावला. दीपा त्यांच्या गळ्याकडे बघत होती, एकेक घोट खाली जाताना बघत होती, आणि मध्येच तिने आपल्या कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मी तोंड फिरवलं. मास्तरकीच्या एवढ्या वर्षांत मी कोणासमोर रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो.

लोटा रिकामा झाला. "आनखी," दीपा म्हणाली.

त्यानंतर उकंडाभाऊ सायकलवर बसायचे ते पाण्याची बाटली अडकवूनच. वजन सावकाश उतरलं, चिडचिड होईल इतकं सावकाश, पण उतरलेलं परत चढलं नाही. दीपाने तेवढे दिवस कसे काढले ते तिचं तिला माहीत. पुढच्या हंगामात, बोंडं फुटायच्या सुमारास, डॉक्टरांनी होकार दिला.

ऑपरेशन झालं. बापलेक वेगवेगळ्या खोल्यांत होते. उकंडाभाऊ शुद्धीवर आले तेव्हा मी उशाशी होतो. दुखतंय का, असं नर्सने विचारलं. त्यांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. "गुरुजी, पोरगी पानी पेली का?" एवढंच विचारलं. अजून नाही, म्हणालो. पुढचे दोन दिवस जो कोणी खोलीत येईल त्याला, अगदी झाडूवालीलाही, ते हेच विचारत होते.

मग एका दुपारी रुखमाबाई तिकडून आली. पदराने डोळे पुसत दारातच उभी राहिली.

"पेली," ती म्हणाली. "पुरा गिलास पेली. आन डॉक्टर म्हनते, आनखी पे."

उकंडाभाऊंनी डोळे मिटले. मग त्यांनी उशाजवळच्या पाण्याकडे हात केला.

"आन मंग," ते म्हणाले, "मले बी दे."